अंशाच्या पोटांतील कला

एका अंशाच्या साठ कला होतात, हें आपण शाळेंतच शिकतों. परंतु हातभर त्रिज्येच्या चापावर एका अंशाला जागा मिळते ती जेमतेम आठ मिलिमीटर. तेवढ्यांत साठ रेघा कोरावयाच्या कशा, आणि कोरल्या तरी वाचावयाच्या कोणीं? जुन्या ज्योतिष्यांपुढें ही मोठीच अडचण होती.

पोर्तुगालचा गणिती पेद्रो नूनिश यानें १५४२ सालीं लिस्बन येथें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक युक्ति सुचविली. तुरीययंत्राच्या ९० भागांच्या मुख्य चापाच्या आंत त्यानें ४४ चाप घेतले व त्यांचे अनुक्रमें ८९, ८८ असे उतरत ४६ पर्यंत समान भाग पाडले. वेधाची रेषा यांपैकीं कोणत्या तरी चापाच्या खुणेवर जवळजवळ बरोबर पडावयाचीच. ती ७२ भागांच्या चापावर ३१ व्या खुणेशीं आली, तर त्रैराशिकानें कोन निघतो ३८ अंश ४५ कला. युक्ति बिनतोड खरी. पण इतके निरनिराळे चाप अचूक कोरणें कारागिराच्या आटोक्याबाहेरचें होतें. डेन्मार्कच्या टायको ब्राहे यानें ती वापरून पाहिली, आणि अखेर तिरकस ओळींत मांडलेल्या बिंदूंचा मार्ग पत्करला.

पुढें १६३१ सालीं फ्रांश-कोंते प्रांतांतील पिएर व्हर्निए यानें ब्रसेल्स येथें छापलेल्या पुस्तकांत एकच सरकती पट्टी पुढें केली. मुख्य चापावर अर्ध्या अर्ध्या अंशाच्या खुणा. पट्टीवर तसल्या ३१ भागांच्या लांबींत पाडलेले ३० भाग. म्हणजे पट्टीचा भाग ३१ कलांचा, चापाचा ३० कलांचा. फरक एका कलेचा. पट्टीची कितवी रेघ चापावरील रेघेशीं जुळली तें पाहिलें, कीं तितक्या कला मिळाल्या. दोन रेघा जुळल्या कीं नाहींत, एवढेंच डोळ्यानें ठरवावयाचें. आणि तें काम डोळा फार चोख करतो.

एवढा खटाटोप कशासाठीं? टायकोच्या मंगळाच्या वेधांशीं केप्लरचें गणित अवघ्या आठ कलांनीं जुळेना. वेधांवर त्याचा विश्वास होता, म्हणून त्यानें गणितच टाकून दिलें. आणि १६०९ सालीं मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचें त्यानें जाहीर केलें.

कित्येक देशांत या पट्टीस आजही ‘नोनिअस’ म्हणतात. अठराव्या शतकांत फ्रेंच ज्योतिषी लालांद यानें व्हर्निएच्या नांवाचा पुरस्कार केला, आणि आपल्या प्रयोगशाळांत तेंच रूढ झालें. असमान भाग एकमेकांशीं ताडून पाहण्याची कल्पना नूनिशची. ती कारागिराच्या हातीं दिली व्हर्निएनें. आपल्या मुलांनीं कॅलिपर हातीं घेतला, तर त्यांना हीं दोन्ही नांवें सांगावींत.