आजोबांचा पाइप

आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. १९४५ नंतर बेळगावला परतले ते एक लाकडी पाइप घेऊन. लाकूड ब्रायरचे, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. विस्तवाला सहसा दाद न देणारी. फ्रान्सच्या सेंट-क्लोद गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून असे पाइप जगभर पोचवले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो बाहेर काढला. बारीक काचकागदाने जुने पॉलिश उतरवले, तशा लाकडाच्या रेषा उजळल्या. कडेच्या जळक्या डागापाशी मात्र हात थांबला. आजोबांनी युद्धाबद्दल एक ओळ लिहिली नाही. आमच्या घरी त्या आघाडीचा एवढाच दस्तऐवज. मुलांना इतिहास शिकवणारा मी तो खोडणार? डाग तसाच ठेवून मधमाश्यांचे मेण चोळले आणि फडक्याने घासले.