दूरचित्रवाणीवरील मराठी विनोद आणि चाहत्यांमधील मतभेद : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विनोदाचा इतिहास लिहिताना सामान्यतः लेखक, नट आणि कलाकृती यांचा विचार केला जातो. हसणाऱ्याचा, आणि त्याहीपेक्षा न हसणाऱ्याचा, विचार अभावानेच होतो. वस्तुतः एखाद्या लोकप्रिय मालिकेविषयी तिच्या चाहत्यांमध्येच जे मतभेद निर्माण होतात, ते त्या समाजातील भाषा, वर्ग आणि प्रदेश यांच्या परस्परसंबंधांवर प्रकाश टाकतात. प्रस्तुत निबंधात मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदाच्या सुमारे पाच दशकांच्या वाटचालीचा या दृष्टीने मागोवा घेतला आहे. तुलनेसाठी ब्रिटनमधील ‘पर्यायी विनोद’ या चळवळीचा आणि विवेचनाची भूमी म्हणून पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा आधार घेतला आहे.

ब्रिटनमधील पर्यायी विनोद

मे १९७९ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘कॉमेडी स्टोअर’ हे विनोदगृह सुरू झाले. ॲलेक्सी सेल हे तेथील पहिले सूत्रसंचालक होत. तत्पूर्वीच्या ब्रिटिश करमणुकीत सासू, परदेशी स्थलांतरित आणि स्त्रीदेह हे हमखास हशा पिकवणारे विषय होते. नव्या कलावंतांनी वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेषी विनोद नाकारला व आपला रोख प्रस्थापितांकडे वळवला. या चळवळीचे दूरचित्रवाणीवरील सर्वपरिचित अपत्य म्हणजे ९ नोव्हेंबर १९८२ रोजी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर सुरू झालेली ‘द यंग वन्स’ ही मालिका. बेन एल्टन, रिक मेयल आणि लीझ मेयर यांनी ती लिहिली. एका गलिच्छ घरात एकत्र राहणारे चार विद्यार्थी हा तिचा विषय. १९८४ पर्यंत तिचे केवळ १२ भाग झाले.

या १२ भागांविषयी चाहत्यांमध्ये एकमत नाही. काहींना तिच्यातील बेबंदपणा हा तत्कालीन थॅचरकालीन ब्रिटनला दिलेला थेट प्रतिसाद वाटतो; तर काहींना आरडाओरडा, मोडतोड आणि हाणामारी यांपलीकडे तिच्यात फारसे काही उरत नाही. आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. स्त्रीद्वेषी विनोद नाकारणाऱ्या चळवळीच्या या मालिकेत चारही प्रमुख पात्रे पुरुषांचीच होती. तथापि या मतभेदांतून एक कसोटी पुढे आली. विनोद शिष्ट आहे की अशिष्ट, या प्रश्नाइतकाच ‘विनोद कोणावर केला आहे?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. हीच कसोटी मराठी विनोदाला लावून पाहणे उद्बोधक ठरते.

औद्योगिक पट्टा आणि त्याचा प्रेक्षक

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात टेल्को व बजाज ऑटो यांसारखे कारखाने या परिसरात आले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे चाकण परिसरात औद्योगिक वसाहत विस्तारली आणि २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे प्रकल्प तेथे सुरू झाले. २०११ च्या जनगणनेनुसार पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती.

ही वाढ प्रामुख्याने स्थलांतरातून झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण व पश्चिम महाराष्ट्र येथून आलेली कुटुंबे एकाच चाळीत, एकाच गृहसंकुलात राहू लागली. प्रमाण मराठीचे केंद्र मानले गेलेले पुणे शहर अगदी शेजारी. मात्र घरातील बोली वऱ्हाडी, अहिराणी किंवा मराठवाडी, अशी या प्रेक्षकाची स्थिती आहे. मुले शाळेत जी भाषा शिकतात तिच्या तुलनेत आपली बोली ‘अशुद्ध’ ठरते, हा अनुभव या पट्ट्यातील अनेक घरांना नवा नाही. म्हणूनच दूरचित्रवाणीवर कोणाच्या बोलीला हसले जाते, हा येथील प्रेक्षकाच्या दृष्टीने केवळ करमणुकीचा प्रश्न राहत नाही.

चिमणराव ते थुकरटवाडी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. सत्तरच्या दशकात चिं. वि. जोशी यांच्या साहित्यावरील ‘चिमणराव’ ही मालिका लोकप्रिय झाली. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ प्रेक्षकांच्या स्मरणात आजही आहेत. हा विनोद सौम्य, घरगुती व आत्मोपहासात्मक होता. मात्र त्याचे विश्व पांढरपेशा मध्यमवर्गाचे होते. ज्याला स्वतःवर हसण्याची मुभा असते त्याचे समाजातील स्थान बहुधा सुरक्षित असते, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते.

याच्या समांतर लोकनाट्याची परंपरा होती. वसंत सबनीस लिखित ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ मध्ये रंगभूमीवर आले. गिरणी कामगाराच्या कुटुंबातून आलेल्या दादा कोंडके यांनी ते गाजवले. यातील सोंगाड्या रांगडा असला तरी त्याच्या विनोदाचे लक्ष्य सत्ताधारी होते. लंडनमधील तरुणांनी १९७९ नंतर ज्या तत्त्वाचा उद्घोष केला, ते आपल्या तमाशाच्या वगात आधीपासूनच नांदत होते, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये.

१९९९ मध्ये ‘अल्फा टीव्ही मराठी’ (२००५ नंतरची ‘झी मराठी’) आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ या खासगी वाहिन्यांचे आगमन झाले. त्यानंतर ‘हास्यसम्राट’, ‘फू बाई फू’ अशा कार्यक्रमांतून विविध प्रदेशांतील कलावंत पुढे आले. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झाले. नीलेश साबळे यांच्या सूत्रसंचालनाखालील या कार्यक्रमाने ‘थुकरटवाडी’ नावाचे काल्पनिक गाव उभे केले. त्यात भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली घरोघरी पोहोचली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमातून कोकणी ढंगाच्या बोलीला आणि मुंबईतील वस्त्यांच्या भाषेलाही स्थान मिळाले.

चाहत्यांमधील मतभेद

‘चला हवा येऊ द्या’ विषयीचे आक्षेप प्रामुख्याने तीन होते. एक, पुरुष कलावंतांनी साडी नेसून केलेला विनोद वारंवार येतो. दोन, शारीरिक ठेवण व वर्ण यांवर विनोद होतो. तीन, चित्रपटांच्या प्रसिद्धीपुढे प्रहसनाचे मूल्य दुय्यम ठरते. याउलट, दिवसभराच्या श्रमानंतर निखळ हसू देणारा व आपल्या बोलीत बोलणारा कार्यक्रम म्हणून त्याचे समर्थन करणारा वर्गही मोठा होता. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे यांनी पोस्टमनच्या भूमिकेत वाचलेली पत्रे मात्र दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना भावली.

या आक्षेपांचे मूल्यमापन सावधपणे करावयास हवे. पुरुषाने स्त्रीवेश धारण करणे मराठी रंगभूमीला नवे नाही. बालगंधर्वांनी त्याला अभिजात प्रतिष्ठा मिळवून दिली. आक्षेपार्हता वेशात नसते. स्त्री म्हणजेच हास्यास्पद वस्तू, असे जेव्हा सूचित होते तेव्हा ती निर्माण होते. हाच निकष बोलीलाही लागू पडतो. वऱ्हाडी बोलणारे पात्र इतरांच्या ढोंगावर बोट ठेवते तेव्हा बोलीचा सन्मान होतो; केवळ उच्चारांसाठी त्याला हसले जाते तेव्हा तिचे अवमूल्यन होते. अनेकदा एकाच प्रहसनात या दोन्ही गोष्टी घडतात आणि म्हणून एकाच घरातील दोन पिढ्या त्याच प्रसंगाला भिन्न प्रतिसाद देतात. बोलीच्या आनंदाने हसणारी आई आणि तीच बोली लपवावयास शिकलेला मुलगा, हे दोघेही आपापल्या परीने खरेच असतात.

‘दर्जा घसरला’ ही टीका अनेकदा चिमणरावकालीन अभिरुचीला सार्वत्रिक मानून केली जाते. परंतु ‘लोकांना आवडते’ या एकाच युक्तिवादाने शरीरावरील विनोदाचे समर्थन करणेही तितकेच अपुरे आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. १) विनोदी मालिकांविषयीचे मतभेद व्यक्तिगत रुचीपुरते मर्यादित नसून त्यांमागे भाषिक व वर्गीय अनुभव असतो. २) ‘विनोद कोणावर?’ ही पर्यायी विनोदाची कसोटी लोकनाट्याच्या परंपरेतही आढळते. ती आयात करण्याची आवश्यकता नाही. ३) बोलींना दूरचित्रवाणीवर मिळालेले स्थान स्वागतार्ह आहे, परंतु स्थान मिळणे आणि प्रतिष्ठा मिळणे यांत अंतर आहे.

‘चला हवा येऊ द्या’ची पहिली दीर्घ वाटचाल मार्च २०२४ मध्ये थांबली व २०२५ मध्ये तो कार्यक्रम नव्या संचात परतला. दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी-चिंचवड येथे भरले. कारखान्यांचे गाव म्हणून ओळखला गेलेला हा परिसर मराठी प्रेक्षकाचे एक महत्त्वाचे केंद्र झाला आहे, याची ती खूण होय. महाविद्यालयांतील आपल्या वर्गांत याच कुटुंबांतील विद्यार्थी बसतात. त्यांच्या हसण्याची आणि न हसण्याची नोंद घेणे हे प्रादेशिक सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.