कॅलिको



आईच्या ट्रंकेत अहमदाबादच्या कॅलिको मिलची एक सुती साडी होती. ‘कॅलिको’ हे मिलमालकाचं आडनाव असावं, असं मला लहानपणी वाटायचं.

खरं तर हे नाव एका बंदराचं. केरळमधलं कालिकत, म्हणजे आजचं कोझिकोड. तिथून जहाजात चढणाऱ्या सुती कापडाला युरोपच्या व्यापाऱ्यांनी बंदराचंच नाव दिलं. पुढे गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं कापडही त्यांच्या वह्यांत कॅलिकोच झालं. मी कॉमर्सची, म्हणून लगेच लक्षात आलं : माल कुठून चढला ते वहीत राहिलं, विणणारे हात राहिले नाहीत.

हे कापड इंग्लंडच्या बायकांना इतकं आवडलं, की तिथले लोकर आणि रेशीम विणणारे हवालदिल झाले. 1700 साली भारतातून येणाऱ्या छापील कापडावर बंदी आली. 1721 च्या कायद्याने तर छापील कॅलिको अंगावर घालणंही गुन्हा ठरला.

तेच नाव घेऊन 1880 साली अहमदाबादेत मिल उभी राहिली आणि साराभाई या जैन घराण्याने ती नावारूपाला आणली. मिल पुढे बंद पडली, पण 1949 साली याच घराण्याने सुरू केलेलं कॅलिको संग्रहालय आजही जुनी वस्त्रं जपून आहे.

आईची साडी विरली, तेव्हा आम्ही तिची दुपटी शिवली. तुमच्या ट्रंकेत असं एखादं वस्त्र असेल, तर ते कुठलं, कुणी आणलं, हे सुनांना आणि लेकींना आजच सांगून ठेवा.