कळंबेश्वरची विहीर

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर येथे बापूराव ताजणे या दलित मजुराने २०१६ च्या दुष्काळात एकट्याने खोदलेली विहीर. त्यांच्या पत्नीला एका विहीरमालकाने जातीमुळे पाणी भरू दिले नाही. तो अपमान जिव्हारी लागला. मजुरी सांभाळून रोज सुमारे सहा तास खोदकाम केल्यावर ४० दिवसांत पाणी लागले. आधी घरच्यांनीही त्यांना वेड्यात काढले होते. दलितांच्या पाण्याच्या हक्कासाठी महाडला १९२७ मध्ये झालेल्या चवदार तळे सत्याग्रहाला ८९ वर्षे झाली तरी पाण्याला जात चिकटलेली होती, ही लाजिरवाणी गोष्ट. गावात रक्तपात नको म्हणून त्यांनी विहीरमालकाचे नाव सांगितले नाही. मनाचा हा संयम खोदकामाइतकाच अवघड. वस्तीतील इतर दलित कुटुंबांनाही या विहिरीचे पाणी मिळू लागले.