तांब्याच्या रेषांचे पाठभेद

'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर निळ्या-करड्या रंगाची एक पेटी आहे. समोर दिव्यांची रांग, खाली खटक्यांची रांग. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की गावच्या 'मिट्स' कंपनीचा हा 'आल्टेअर ८८००', घरी जोडायचा संगणक, सुटे भाग ३९७ डॉलरला. त्या छायाचित्रातली पेटी रिकामी होती. खरा नमुना रेल्वे पार्सलने न्यूयॉर्कला पाठवलेला, तो वाटेत हरवला. म्हणून पोकळ डबा रंगवून, दिवे लावून, फोटो काढून घेतला. घरगुती संगणकाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण या पोकळ डब्याशी जरा थबकतात, हसतात आणि पुढे गेट्स-जॉब्स यांच्याकडे वळतात. मला त्या डब्यात जे नव्हते त्याविषयी लिहायचे आहे, म्हणजे सर्किट बोर्डांविषयी. कारण पन्नास वर्षांनी आज जगभरचे हौशी लोक ज्याच्या नकला काढत बसले आहेत, ते हेच बोर्ड आहेत.

आल्टेअरमध्ये बोर्ड एका मागोमाग एक उभे खोचायचे. तळाशी खोचणी, प्रत्येक खोचणीत १०० टोके. १०० च का? मिट्सचे एड रॉबर्ट्स यांना १०० टोकांच्या खोचण्यांचा एक साठा स्वस्तात मिळाला, असे सांगितले जाते. यंत्राला तेवढ्या टोकांची गरज होती असे नाही. टोके होती, म्हणून त्यांना कामे वाटून दिली. ती वाटणीही घाईची. आठ व्होल्टच्या टोकाला लागून सोळा व्होल्टचे टोक. चालू यंत्रात बोर्ड जरा तिरका खोचला की चिपा गेल्याच. विदा आत येण्यासाठी आठ तारा आणि बाहेर जाण्यासाठी वेगळ्या आठ, हा उधळेपणा. शिवाय सुरुवातीच्या यंत्रांत खोचण्यांच्या चार-चारच्या पट्ट्या होत्या. नवी पट्टी वाढवायची तर दोन पट्ट्यांमध्ये शंभर तारा हाताने सोल्डर करायच्या.

असा हा ओबडधोबड मजकूर. पण मिट्सने तो आराखड्यासकट उघड केला, आणि त्यामुळे कोणालाही त्यात बसणारा बोर्ड काढता येऊ लागला. मिट्सचे स्वतःचे चार हजार बाइटांचे स्मृतिबोर्ड बेभरवशाचे निघाले. बर्कलीच्या 'प्रोसेसर टेक्नॉलॉजी'ने तसेच, पण चालणारे बोर्ड विकायला काढले. मिट्सला हे बोचले. तिने आपली बेसिक भाषा स्वतःचे बोर्ड घेणाऱ्याला स्वस्त आणि नुसती हवी असणाऱ्याला ५०० डॉलरला देऊ केली. परिणाम सर्वज्ञात आहे: लोकांनी बोर्ड दुसऱ्यांचे घेतले आणि बेसिकच्या कागदी फिती एकमेकांना वाटल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना लिहिलेले रागाचे उघड पत्र त्यातूनच आले. त्या पत्रावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामागे एक वाईट स्मृतिबोर्ड होता, हे क्वचितच कोणी लिहिते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनाला जाताना 'क्रोमेम्को' कंपनीच्या हॅरी गार्लंड आणि रॉजर मेलन यांनी या खोचणीला 'एस-१००' हे नाव दिले. प्रतिस्पर्ध्याच्या नावाने ती का ओळखायची, हा त्यामागचा साधा व्यापारी विचार. १९८३ मध्ये ती 'आयईईई ६९६' या नावाने रीतसर प्रमाण झाली, आणि तेव्हा एक गंमत घडली. आत-बाहेरच्या आठ-आठ तारांचा जो उधळेपणा होता, तोच एकत्र करून सोळा बिटांचा रस्ता तयार करण्यात आला. चुकून लिहिलेल्या शब्दाला भाष्यकाराने अर्थ मिळवून द्यावा, तसे.

हे बोर्ड तेव्हा काढत कसे? प्रकाश येणाऱ्या काचेच्या टेबलावर मायलरचा पारदर्शक ताव अंथरत. त्यावर प्रत्यक्ष आकाराच्या दुप्पट किंवा चौपट मोठे चित्र चिकटवायचे. चिपेच्या पायांसाठी काळ्या वाटोळ्या टिकल्या, रेषांसाठी काळी सुरकुतीची अरुंद फीत, जी वळणावर ताणली की वळते. बोर्डाला दोन बाजू असतील तर एका बाजूला तांबडी फीत आणि दुसऱ्या बाजूला निळी, दोन्ही एकाच तावावर. मग कॅमेऱ्यापुढे रंगीत काच धरून एकदा तांबडे चित्र वेगळे टिपायचे, एकदा निळे. चित्र लहान करून तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि उरलेले तांबे फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचे. एखादी रेषा चुकली तर धारदार पात्याने फीत उचलून पुन्हा लावायची. उन्हाळ्यात डिंक सैल होई आणि रेषा सरकत.

म्हणून जुन्या बोर्डाला हस्ताक्षर असते. रेषा नागमोडी असतात. काही ठिकाणी विनाकारण रुंद होतात. एखाद्या कोपऱ्यात काढणाऱ्याला जागा पुरली नाही हे स्पष्ट दिसते. पहिल्या ॲपल संगणकाचे मंडल स्टीव्ह वॉझ्नियॅक यांचे, पण बोर्डावरची तांब्याची मांडणी 'अटारी'त काम करणाऱ्या हॉवर्ड कँटिन यांची. मूळ बेत नुसते कोरे बोर्ड ५० डॉलरला विकण्याचा होता; भाग ज्याचे त्याने आणावेत, सोल्डर करावेत. 'बाइट शॉप'चे पॉल टेरेल यांनी कोरे बोर्ड नकोत म्हटले आणि जोडून तयार ५० नग प्रत्येकी ५०० डॉलरला मागितले. तिथून ॲपल ही बोर्ड विकणारी न राहता संगणक विकणारी कंपनी झाली. पुढे १९७८ मध्ये डिस्क चालवणाऱ्या बोर्डाची मांडणी वॉझ्नियॅक यांनी स्वतः केली. ती पुरी झाल्यावर त्यांना दिसले की तारांचा क्रम बदलला तर बोर्डाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाणारी काही भोके वाचतात. त्यांनी सगळी फीत उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. ती भोके ग्राहकाला कधी दिसणार नव्हती.

आता आजच्या नक्कलकारांकडे येऊ. त्यांच्यापुढचा प्रश्न साहित्याच्या वाचकाला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यापुढे जो होता, त्याच जातीचा आहे. हाती आलेली प्रत जशी आहे तशी उतरवायची, की तिच्यातली चूक ही चूक म्हणून ओळखून काढून टाकायची? एक पंथ म्हणतो, रेषेची नागमोडही उतरवा. हे लोक जुना बोर्ड मिळवतात, त्यावरचे भाग उपसून काढतात, दोन्ही बाजू स्कॅनरवर टिपतात आणि संगणकाच्या पडद्यावर ते चित्र खाली ठेवून एकेक रेषा गिरवतात. मल्टिमीटरची दोन टोके लावून कोणते भोक कोणाशी जोडले आहे याची यादी करतात; शेकडो जोड्या, संध्याकाळमागून संध्याकाळ. दुसरा पंथ म्हणतो, मंडल महत्त्वाचे, रेषा नव्हेत. जोडण्या तशाच ठेवा, मांडणी नवी करा, वीज फिरवणाऱ्या रेषा रुंद करा, मूळ काढणाऱ्याने विसरलेले धारित्र घाला.

मला दोन्ही पटतात, पण पहिल्या पंथाला एक धोका आहे. पहिला ॲपल सुमारे २०० च बनला. त्यातला एक २०१४ मध्ये हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९,०५,००० डॉलरला घेतला. मूळ बोर्डावर 'ॲपल कॉम्प्युटर १', 'पालो आल्टो' आणि १९७६ चा कॉपीराइट असे तांब्यातच लिहिलेले आहे. नक्कल हुबेहूब करायची तर ही अक्षरेही उतरवायची का? आणि उतरवली तर ती प्रत उद्या कोणाच्या हाती, कोणत्या लिलावात जाईल? म्हणून एखादे वेगळे चिन्ह मुद्दाम ठेवणारा नक्कलकार मला अधिक विश्वासार्ह वाटतो. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव आणि तिथी लिहीत, त्यातलेच हे.

नवे बोर्ड बहुधा 'कायकॅड' या मोफत प्रणालीत काढतात. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे झाँ-पिएर शारा यांनी ती १९९२ मध्ये सुरू केली, आणि पुढे 'सर्न' या भौतिकी संशोधन संस्थेने तिच्यात भर घातली. कारखान्याकडे जाते ती मात्र 'गर्बर' फाइल. जोसेफ गर्बर व्हिएन्नात १९२४ साली जन्मले, नाझींच्या हातून सुटून १९४० मध्ये अमेरिकेला आले. त्यांच्या कंपनीच्या यंत्रात फिल्मवर प्रकाशाचा ठिपका फिरे. त्या ठिपक्याला आकार देण्यासाठी भोकांचे एक चाक असे. कोणते भोक, झडप उघडी ठेवून पुढे जा, झडप मिटून जा, एका जागी थांबून लखकन प्रकाश टाक: एवढ्याच आज्ञा. चाक गेले, झडप गेली, बहुतेक ठिकाणी फिल्मही गेली. पण आजही फाइल उघडली की डी-०१ म्हणजे झडप उघडी, डी-०२ म्हणजे मिटलेली. बोलणाऱ्याच्या घरातून वस्तू नाहीशी होते आणि म्हणीत शिल्लक राहते, तसे.

ती फाइल शेन्झेनसारख्या शहरातल्या कारखान्याला पाठवायची. इथे इतिहास स्वतःची नक्कल करतो, आणि ही मला सगळ्यात लक्षणीय बाब वाटते. चिनी कारखान्यांचा सगळ्यात स्वस्त दर १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतल्या बोर्डांना असतो. पाच बोर्ड काही डॉलरांत, अनेकदा टपालखर्च त्याहून जास्त. एस-१०० चा बोर्ड १० इंच लांब, म्हणजे २५४ मिलिमीटर. तो या चौकटीत बसत नाही, दर उडी मारतो. त्यात त्याच्या कडेवरच्या टोकांना सोन्याचा मुलामा हवा आणि खोचायला सोपी जावी म्हणून कड तिरकी तासून हवी; दोन्हींचे पैसे वेगळे. टोकांमधले अंतर ०.१२५ इंच, म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. कोणी सोयीसाठी ३.२ धरले तर एका बाजूच्या ५० टोकांत शेवटचे टोक सव्वा मिलिमीटर सरकते, आणि पाचही बोर्ड वाया. साहजिकच नव्या आराखड्यांचे बोर्ड लहान झाले. झेड-८० चिपेभोवती बांधलेला 'आरसी २०१४' हा संच पाहा: छोटे छोटे बोर्ड, साध्या पिनांची रांग, सोन्याची कड नाही. स्वस्त मिळालेल्या खोचणीने १९७५ मध्ये संगणकाला १०० टोके दिली. स्वस्त मिळणाऱ्या पत्र्याने आता त्याला १०० मिलिमीटरची मर्यादा घातली.

आपल्याकडे या गोष्टीचा धागा पुण्यापर्यंत येतो. तिथल्या 'डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स'ने १९८८ मध्ये ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमची परवान्याने काढलेली आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकली. शाळांसाठीच्या 'क्लास' प्रकल्पात १९८४ पासून बीबीसी मायक्रो आले. असली यंत्रे मोडीत निघाली की त्यांच्या कडेचे सोने हीच त्यांची किंमत होते. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या भंगारपेठेत बोर्डाची सोनेरी कड आधी कापली जाते, आणि नक्कलकाराला जी मापे हवीत त्यांतली महत्त्वाची त्या कडेतच असतात. चिपांचेही तेच. १९७६ पासून बनत आलेल्या मूळ झेड-८० च्या शेवटच्या मागण्या 'झायलॉग'ने जून २०२४ पर्यंत स्वीकारल्या. पहिल्या ॲपलमधल्या ६५०२ ची सुधारित आवृत्ती मात्र अजून नवी मिळते.

कारखाना पाचाहून कमी बोर्ड सहसा करत नाही. पहिल्या खेपेतल्या बोर्डात बहुधा एखादी रेषा चुकलेली असते. ती पात्याने कापून वर बारीक तार सोल्डर करतात, आणि दुसऱ्या खेपेच्या तांब्यात '१.१' असा आकडा येतो. करणाऱ्याला एकच बोर्ड हवा असतो. उरलेले चार तो पाकिटात घालतो, भागांची यादी जोडतो आणि ज्यांनी मागितले त्यांना टपाल हशिलावर पाठवून देतो.