फाइलीची पारख

जुन्या दफ्तरखान्यातला जाणता कारकून रुमाल सोडून कागद हाती घेई आणि मायना वाचताच तो कोणत्या जातीचा, हे सांगे. पाठीवर कोणी काय टिपून ठेवले आहे, यावर तो विसंबत नसे. संगणकाच्या दफ्तरातही असा एक कारकून पन्नासांहून अधिक वर्षे चाकरी करीत आहे. त्याचे नाव नुसते ‘फाइल’. ही आज्ञा टंकित करावी, तिच्यापुढे हव्या त्या फाइलीचे नाव द्यावे, की ती चित्र आहे, ध्वनिमुद्रण आहे की चालती आज्ञावली, याचे उत्तर एका ओळीत मिळते.

या आज्ञेचे माहेर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळा. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तेथे १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली उभी केली. तिच्या चौथ्या आवृत्तीच्या पुस्तिकेत, नोव्हेंबर १९७३ च्या पानावर, ही आज्ञा आढळते. युनिक्सच्या दृष्टीने फाइल म्हणजे बाइटांची एक सलग रांग. त्यापलीकडे तिला जात नाही, गोत्र नाही. नावाच्या शेवटी टिंब देऊन जोडलेले शेपूट ही माणसांनी सोयीसाठी पाडलेली चाल. ते कोणीही बदलावे, आतल्या एका बाइटालाही त्याचा पत्ता लागत नाही. तेव्हा ओळख पटवावयाची तर ती आतूनच.

आतली ही खूण आली कोठून, ही हकीकत मोठी गमतीची आहे. पीडीपी-११ या यंत्रावर चालावयाच्या आज्ञावलीच्या आरंभी आठ यंत्रशब्दांचे एक शीर्षक असे; पुढील भागांची लांबी वगैरे तपशील त्यात असत. त्यातला पहिला शब्द अष्टमान पद्धतीत ४०७ हा होता. आता यंत्राच्या भाषेत ४०७ म्हणजे ‘पुढचे सात शब्द ओलांडून जा’ अशी उडी! शीर्षकासकट सारी फाइल स्मृतीत उतरवून पहिल्या शब्दापासून चालविली, की यंत्र आपोआप खऱ्या कामाशी येऊन ठेपे. पुढे प्रणाली शीर्षक निराळे वाचू लागली आणि उडीची गरज सरली. अंक मात्र राहिला, तो ओळखीची खूण म्हणून. अशा अंकांना ‘जादूचे अंक’ म्हणू लागले. जादू त्यात काडीइतकीही नाही.

नंतर ज्याने त्याने आपापली खूण कोरली. झिप फाइलीच्या आरंभी ‘पीके’ ही तिचे कर्ते फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे आहेत. डॉस प्रणालीच्या आज्ञावलींच्या माथी मार्क झ्बिकोव्स्की यांची. गवंड्याने चिऱ्यावर नाव कोरावे, तसाच हा प्रकार!

खुणा वाढू लागल्या तेव्हा ‘सिस्टिम फाइव्ह’ या युनिक्सच्या आवृत्तीने त्यांची यादी आज्ञावलीतून काढून वेगळ्या फाइलीत ठेवली. काम किंचित मंदावले, पण नवी खूण नोंदविणे सोपे झाले. टोरांटोच्या इयन डार्विन यांनी १९८६ च्या सुमारास, दुसऱ्या कोणाचीही मूळ संहिता न पाहता, ही आज्ञा नव्याने लिहून सर्वांस खुली केली. क्रिस्तोस झूलास यांनी १९९० पासून तिचा सांभाळ केला. लिनक्सवर चालते ती हीच.

या कारकुनाची एक उणीव मात्र सांगावयास हवी. साध्या अक्षरांत लिहिलेल्या मजकुराला शीर्षक नसते. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने जगभर पसरलेल्या विषाणूच्या फाइलीला दोन शेपटे होती. दिसे ते मजकुराचे. खरे, आज्ञावलीचे, विंडोज प्रणाली लपवून ठेवी. नावाने लक्षावधी लोक फसले हे खरे, पण ती आज्ञावलीही साध्या अक्षरांतच लिहिलेली असल्याने, आत डोकावूनही ‘मजकूर’ एवढेच उत्तर मिळण्याचा संभव होता.

मराठी छापखान्यांना ही उणीव अधिक जाचते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी देवनागरीची अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या टंकांत पुष्कळ पुस्तके आणि वृत्तपत्रे जुळविली गेली. अशी फाइल आज तपासावयास दिली, की ती युरोपीय अक्षरांतला मजकूर समजली जाते. युनिकोडमधला मजकूर ही आज्ञा बरोबर ओळखते. पण त्या जुन्या फाइली कोणत्या टंकासाठी जुळविल्या होत्या, हे सांगणारी खूण त्यांच्या आरंभी कोणी ठेवलेलीच नाही.