दैवतीकरण

दैवतीकरण (नपुं.) : मर्त्य माणसाला देवपद मिळणे, त्याची देव म्हणून पूजा रूढ होणे. ‘दैवत’ आणि ‘करण’ यांच्यामधला ईकार ‘च्वि’ या संस्कृत प्रत्ययामुळे येतो. पाणिनीने सांगितलेला (५.४.५०) हा प्रत्यय ‘अभूततद्भाव’ दाखवतो, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. पूज्य व्यक्ती आधी माणूस होती, हे या शब्दातच गृहीत आहे. ‘अवतार’ या शब्दात तसे नाही. तिथे मुळात देवच खाली उतरलेला असतो. म्हणून भक्त अवतार म्हणतात आणि अभ्यासक दैवतीकरण. रोजच्या बोलण्यात ‘देव मानणे’, ‘देव्हाऱ्यात बसवणे’ असे म्हणतात.

ग्रीक ‘अपोथिओसिस’ हा याच अर्थाचा शब्द. ‘थिओस’ म्हणजे देव. रोममध्ये सिनेट ठराव करून देवपद देई. ज्युलियस सीझरला ते इ. स. पू. ४२ मध्ये मिळाले. महाराष्ट्रात असा ठराव कोणी करत नाही. गावच्या वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर लागतो, कुलदैवतांच्या टाकांशेजारी घराण्यातल्या वीराचा टाक येतो, समाधीला नैवेद्य आणि पुण्यतिथीला यात्रा सुरू होते. मराठवाडा व आसपासच्या लिंगायत समाजाची मन्मथस्वामींच्या कपिलधार येथील समाधीवर कार्तिकी पौर्णिमेला अशीच यात्रा भरते. देवपण टिकते ते पूजा चालू ठेवणाऱ्या पुढच्या पिढ्यांमुळे.

आधुनिक काळातले ठळक उदाहरण शिर्डीच्या साईबाबांचे. मशिदीत राहणाऱ्या या फकिराची आरती त्याच्या हयातीतच होऊ लागली होती. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, त्याने देह ठेवला. बुटीवाड्यात समाधी झाली आणि १९५४ मध्ये तिच्यामागे बाळाजी तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती बसली. पुट्टपर्थीच्या सत्यसाईबाबांनी (१९२६–२०११) आपण शिर्डीच्या साईंचाच पुढचा अवतार असल्याचे सांगितले. एकदा देव मानल्या गेलेल्या माणसाचा असा अवतारही होऊ शकतो. २०१४ मध्ये शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी साईंना देव मानण्यास जाहीर विरोध केला, पण शिर्डीची गर्दी ओसरली नाही. देवपद देणारी सभाच नसेल, तर ते काढून घेणारे पीठ तरी कुठून असणार?